विंडोजचं वंशावळीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोजसाठी बनलेलं एक जुनं वंशावळीचं सॉफ्टवेअर गेले कित्येक महिने मी लिनक्सवर वाइन नावाच्या प्रोग्रॅममधून चालवतोय. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी तितक्याच जुन्या कुठल्याही प्रोग्रॅमला येऊ शकतात. निकाल आधीच सांगून टाकतो. माहिती भरायला झकास, छपाईला कटकट, आणि नावं देवनागरीत ठेवायची असतील तर या वाटेला जाऊच नका.

लिनक्सवर ग्रॅम्प्ससारखा वंशावळीचा फुकट आणि भक्कम प्रोग्रॅम असताना हा उपद्व्याप कशाला, असं कोणीही विचारेल. कारण सवय, दुसरं काही नाही. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आई-वडील, जोडीदार, मुलं सगळे एकाच पडद्यावर दिसतात. माउसला हात न लावता खापरपणजोबांपासून थेट आजच्या पिढीपर्यंत खाली उतरता येतं. ग्रॅम्प्समध्ये घटना, ठिकाण, स्रोत, त्या स्रोतातला नेमका दाखला या सगळ्यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. संशोधनाची शिस्त म्हणून तेच जास्त बरोबर आहे, हे मला मान्य आहे. पण एक जन्मतारीख पुराव्यासकट टाकायची तर खिडकीतून खिडकी उघडत जाते, आणि जुन्या नोंदवहीची पानं समोर ठेवून भराभर टाइप करताना ते नको होतं.

वाइन म्हणजे आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) नव्हे. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प विंडोजच्या प्रोग्रॅमची प्रत्येक मागणी जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत बदलून देतो. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनसारखी अख्खी विंडोज, तिचा परवाना आणि तिला लागणारी मेमरी, यातलं काहीच लागत नाही. आणि वेग? शोध, क्रमवारी, नातं काढणं, कशातही फरक जाणवला नाही.

बसवताना मात्र एक मेख होती. काही जुने प्रोग्रॅम आपली माहिती मायक्रोसॉफ्टच्या जेट डेटाबेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्याच प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात. माझाही त्यातलाच. वाइनमध्ये हे जेट आयतं मिळत नाही, विनट्रिक्स हे वाइनचं मदतनीस साधन वापरून वेगळं बसवावं लागतं. शिवाय जेट ४.० फक्त ३२-बिट आहे, म्हणून त्याच्यासाठी वाइनचा ३२-बिट प्रीफिक्स वेगळा केला. प्रीफिक्स म्हणजे ज्या फोल्डरमध्ये वाइन आपली खोटी सी ड्राइव्ह थाटतं तो. हे केल्यावर प्रोग्रॅम मुकाट उघडला. तुमचा प्रोग्रॅम एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस वापरत असेल तर या भानगडीतून बहुधा सुटाल, कारण एसक्यूलाइट सहसा प्रोग्रॅमच्या सोबतच येतं.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. प्रोग्रॅमच्या चार भिंतींच्या आत जे घडतं ते सगळं सुरळीत चालतं. त्याची बाहेरच्या जगाशी गाठ पडली, की अडतं. फॉन्ट, प्रिंटर, इंटरनेट, फोटोंच्या फाइली, सगळीकडे तोच अनुभव.

फॉन्टचं पाहा. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे फॉन्ट वाइनसोबत येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट लागला की अक्षरांची रुंदी बदलते आणि वंशवृक्षाच्या चौकटींतून नावं बाहेर डोकावायला लागतात. विनट्रिक्समधून ते फॉन्ट बसवल्यावर पडद्यावरचं बरंचसं सुधारलं, पण मोठा तक्ता अनेक पानांवर छापताना जोडरेषा अजूनही एका पानावरून दुसऱ्यावर जाताना सरकतात. जास्त रेझोल्यूशनच्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर वाइनच्या सेटिंगमध्ये डीपीआय, म्हणजे अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा, वाढवा. ते काम मिनिटभराचं आहे.

प्रोग्रॅममधून ऑनलाइन नोंदी शोधण्याची सोय मी सोडूनच दिली. ती खिडकी जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या भरवशावर लिहिलेली, आणि वाइन त्या जागी मोझिलावर आधारलेलं गेको हे ब्राउझरचं इंजिन बसवतं. पान अर्धवट उघडतं आणि लॉगिनपाशी अडतं. शोध ब्राउझरमध्ये, नोंद प्रोग्रॅममध्ये, अशी विभागणी केली आणि खरं तर तीच बरी वाटते. आपोआप सुचवलेली नाती डोळे झाकून स्वीकारायचा मोहच उरत नाही.

आता देवनागरी. असे जुने प्रोग्रॅम बहुधा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणारी अक्षरांची पद्धत, वापरत नाहीत. ते विंडोजच्या कोड पेजवर, म्हणजे ठरावीक लिपीपुरत्या अक्षरांच्या यादीवर चालतात, आणि देवनागरीसाठी अशा प्रोग्रॅमला वापरता येईल असं कोड पेजच विंडोजमध्ये नाही. म्हणजे नाव टाइप करा, जतन करा, पुन्हा उघडा, की प्रश्नचिन्हांची रांग. हा दोष वाइनचा नाही, मूळ विंडोजवरही हेच होतं. आणि फाइलमध्ये एकदा प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. माझ्या नोंदी रोमन लिपीत आहेत म्हणून निभावलं. मराठीत वंशावळ ठेवायची असेल तर ग्रॅम्प्सच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माहिती दुसरीकडे नेण्याचा मार्ग म्हणजे गेडकॉम, वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाणीसाठी चालणारा फाइलचा प्रकार. दर थोड्या दिवसांनी मी गेडकॉम फाइल काढून ग्रॅम्प्समध्ये उघडून बघतो. माणसं, लग्नं, तारखा नीट येतात, '१८९० च्या सुमारास' सारखी अंदाजाची तारीखसुद्धा. लांब टिपांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. गेडकॉम ५.५.१ मध्ये एका ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, त्यापुढचा मजकूर तोडून पुढच्या ओळीत जोडावा लागतो. प्रोग्रॅमने नेमका शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर तुकडा पाडला तर ती जागा गळून दोन शब्द एकमेकांना चिकटतात. २०२१ च्या ७.० आवृत्तीत ही तोडजोड काढून टाकली आणि यूटीएफ-८ हे युनिकोडचं रूप सक्तीचं केलं, पण जुन्या प्रोग्रॅमला त्याचा काय उपयोग!

फोटोंचं दुखणं सगळ्यात चिवट. गेडकॉममध्ये फोटो नसतो, त्याचा फक्त पत्ता असतो, तोही सी ड्राइव्हपासून उलट्या तिरक्या रेघांचा. ग्रॅम्प्सला त्या पत्त्यावर फोटो सापडत नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये शोधा-बदला करून पत्ते सरळ केले तरी काही फोटो गायबच राहतात, कारण लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करतं. फाइलच्या नावाचं शेपूट कॅपिटल जेपीजी असेल आणि पत्त्यात स्मॉल, तर वाइनच्या आत फोटो दिसतो आणि बाहेर नाही. सगळी नावं एकदाची स्मॉल करून टाकणं हाच उपाय.

सध्या माहितीचा भरणा जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि तक्ते ग्रॅम्प्समध्ये असं चाललंय. मॅकवाल्यांसाठी एवढंच, की २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून ॲपलने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले, त्यामुळे ३२-बिटचा जुना वाइन तिथे तसाच्या तसा चालणार नाही. आणि लिनक्सवर वाइनची नवी आवृत्ती आली की अपडेटच्या आधी प्रोग्रॅम बंद करून अख्ख्या प्रीफिक्सची प्रत काढून ठेवा. तो साधा फोल्डर असल्यामुळे प्रोग्रॅम, जेट, फॉन्ट आणि त्या सी ड्राइव्हवरच ठेवलेला डेटा सगळं एका झटक्यात जपलं जातं.