गॅलरी की मोबाइल? पेठेची मॅच कुठून बघावी

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो: "यूट्यूबला लाइव्ह असतंयच की, मग स्टेडियमला कशाला जायचं?" विचारणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले असतात. एके काळी गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडलेले, आणि आता गुडघे, ऑफिस किंवा घरची मंडळी यांतल्या एखाद्या कारणानं घरी बसलेले. मी दोन्ही करून बघितलंय. मधली काही वर्षं बरेचसे सामने मोबाइलवर बघितले, मग परत शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलो. कुणी ठरवायच्या विचारात असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा. माझी पेठ कुठली ते मात्र विचारू नका. सांगितलं तर निम्मे लोक पुढचं वाचणारच नाहीत.

केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये किती संघ, कुठली तालीम (म्हणजे पेठेचा संघ) कुठल्या पेठेची, नॉकआउट चषक कधी सुरू होतात, हे सगळं धरून चालतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हा प्रश्नच पडत नाही.

मोबाइलची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पहिला सामना दुपारी दोनच्या आसपास आणि दुसरा चारला, हे वेळापत्रक नोकरदार माणसासाठी केलेलंच नाही. पूर्वी त्या वेळेला गॅलरी भरायची, कारण दुकान भावाच्या हवाली करून किंवा कारखान्याची पाळी बदलून यायची लोकांची तयारी असायची. आज पुण्यात हिंजवडीला किंवा दुबईत कामाला असलेला शिवाजी पेठेतला पोरगा कानात इअरफोन घालून शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघू शकतो, ही साधी गोष्ट नाही. माझा एक मित्र तिकडं दुबईत शिफ्ट संपवून खोलीवर येतो आणि जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल उभा करून पाटाकडील तालमीचा सामना बघतो. त्याला मी गॅलरीचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगू?

शिवाय पडद्यावर रिप्ले मिळतो. गॅलरीत ऑफसाइडचा वाद झाला की त्याला शेवट नसतो. आपल्या बाजूच्या दहा जणांनी एक बघितलेलं असतं, समोरच्या गॅलरीतल्या दहा जणांनी नेमकं उलटं, आणि लाइन्समननं तिसरंच. मोबाइलवर दोनदा मागं नेऊन बघितलं की निकाल लागतो. कॉमेंटेटर खेळाडूंची नावं सांगतो, आणि त्याची गरज आता खरंच आहे. पूर्वी अकराच्या अकरा पोरं पेठेतलीच असायची. दुपारी गोल मारलेला सेंटर फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दूध कट्ट्यावर पेला हातात घेऊन उभा दिसायचा. आता आफ्रिकेतून आलेले खेळाडू आहेत, केरळ-गोव्याचे आहेत, पुण्याचे आहेत. खेळ त्यामुळं सुधारलाय, हे मान्य केलंच पाहिजे. जुन्या दिवसांच्या आठवणी काढणारे आम्ही लोक हे सोयीनं विसरतो. बॅकनं बॉल आला की डोळे मिटून पुढं हाणायचा, हा प्रकार बराच कमी झालाय.

ऊन लागत नाही, हा फायदाही लहान समजू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला उघड्या पायरीवर टेकायचं म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळतं.

आता गॅलरी. तिचं वर्णन करायला गेलं की माणूस लगेच हलगी, फटाके, गुलाल, शेंगा यांच्यात शिरतो. ते सगळं आहेच, पण तेवढ्यासाठी मी परत गेलो नाही. गॅलरीतून सगळं मैदान दिसतं. कॅमेरा बॉलच्या मागं जातो, बॉल नाही तिथलं काही तो दाखवत नाही. गॅलरीत बसलं की लेफ्ट बॅक गेली पाच मिनिटं उजव्या पायावर भार टाकायचं टाळतोय, हे डोळ्यांना दिसतं. मग "आता त्याच्याच बाजूनं बॉल जाणार बघ" असं शेजारचा म्हणतो, आणि तो जातोच. एका गोलकीपरची सवय माझ्या चांगली लक्षात राहिलीय. हाफ सुरू व्हायच्या आधी तो पेनल्टीच्या ठिपक्याकडं तोंड करून उभा राहायचा आणि गोलच्या बरोबर मध्यातून पुढं बुटाच्या टोकानं बारीक रेघ ओढायचा. पुढं सरकल्यावर मागं न बघता आपण गोलच्या मधोमध आहोत का, हे त्याला त्या रेघेवरून कळायचं. मैदानावर अशी खूण करणं नियमात बसत नाही, रेफ्री पिवळं कार्ड दाखवू शकतो. म्हणून बुटातली माती झटकतोय असा आव आणून तो हे उरकायचा. मोबाइलवर त्या वेळेला जाहिरात चालू असते.

दुसरी गोष्ट आवाजाची. बुटाचा बॉलवर बसलेला फटका, दोन नडग्या आपटल्याचा आवाज, गोलकीपर बॅकना घालत असलेल्या शिव्या, हे सगळं खालच्या पायऱ्यांवर ऐकू येतं. मोबाइलवर कोल्हापूरचा सामना बघताना एक गोची होते. त्याच पडद्यावर आदल्या रात्री आपण प्रीमिअर लीग बघितलेली असते. मग डोकं आपोआप तुलना करतं आणि आपली पोरं हळू वाटायला लागतात. रेलिंगजवळ उभं राहून तोच विंगर समोरून पळत गेला की त्याचा वेग काय आहे ते कळतं. त्याला अंगावर घेणारा बॅक किती धीराचा आहे, तेही कळतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून पोरांना घेऊन येणारे बाप गॅलरीत जास्त दिसायला लागले, असं आपलं माझं निरीक्षण. त्या पोरांनी फुटबॉल खेळावं असं वाटत असेल, तर त्यांनी बॉलचा आवाज ऐकायला हवा, असं मला वाटतं. चुकत असेन.

आणि गॅलरीतले जाणकार. प्रत्येक बाजूला दोन-चार जुने खेळाडू ठरलेल्या पायरीवर बसलेले असतात. त्यांची कॉमेंट्री यूट्यूबवर येत नाही आणि बरीचशी येऊही शकत नाही. नव्या पोरानं दोघांना चुकवलं की त्यांतला एक जण शांतपणे म्हणतो, "आज्ज्यासारखाच कमरेत वाकतोय बघ." पेठेतल्या फुटबॉलला तीन-तीन पिढ्या झाल्यात, हे त्या एका वाक्यात कळतं.

इथपर्यंत तराजू समतोल होता असं म्हणायला हरकत नाही. सोय एका बाजूला, मजा दुसऱ्या बाजूला. माझ्या बाबतीत तो झुकला तो एका भलत्याच कारणानं.

माझं घर स्टेडियमपासून लांब नाही. वारा या बाजूचा असेल तर गॅलरीचा आवाज थेट घरात येतो. आवाजाला अर्धा किलोमीटर कापायला साधारण दीड सेकंद लागतो. मोबाइलवरचं चित्र मात्र भलताच प्रवास करून येतं. कॅमेऱ्यातून निघालेल्या चित्राचे बारके तुकडे होतात, ते सर्व्हरवर चढतात, तिथं त्यांची वेगवेगळ्या दर्जाची रूपं तयार होतात, आणि आपला मोबाइल अडखळायला नको म्हणून काही तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. यात कधी पंधरा-वीस सेकंद जातात, नेट ढिलं असेल तर अर्धं मिनिट. नावाला लाइव्ह, पण अर्ध्या मिनिटापूर्वीचं.

याचा अर्थ काय होतो बघा. मोबाइलवर बॉल मध्यरेषेवर आहे, थ्रो-इन चाललाय, आणि खिडकीतून आरोळी येते. झाला गोल. आता पुढचे वीस सेकंद तुम्ही गोल बघत नसता, तो कसा झाला याची चौकशी करत असता. बरं, आरोळी कुणाची तेही कळतं. आपल्या गॅलरीचा आवाज वेगळा आणि त्यांचा वेगळा, हे सांगायला शेजारपाजारच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. हुकलेल्या बॉलचा "अर्रर्र" तर आणखी निराळा. खिडकी लावून बघितली. फटाक्यांना खिडकी अडवत नाही.

लीगच्या सामन्यात मी हे चालवून घेत होतो. पण एका चषकाच्या उपांत्य सामन्यात बरोबरी झाली आणि मॅच टायब्रेकरवर गेली. मोबाइलवर आमचा पहिला खेळाडू ठिपक्यावर बॉल ठेवतोय, वाकून गवत सारखं करतोय, चार पावलं मागं येतोय, आणि बाहेर आधीच जल्लोष. त्यानं मारायच्या आधी त्याचा गोल झालेला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा बॉल ठेवायला आला तेव्हा बाहेरून तो "अर्रर्र" आला, आणि मी त्या पोराकडं बघत बसलो. तो अजून पळत यायचा होता. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, मला होतं. आतून बायकोनं विचारलं, "जिंकलो का?" मी म्हटलं, "हरलो, पण अजून मारायचाय." त्यानंतर मी घरात बसून टायब्रेकर बघितलेला नाही.

केबलवर अंतर थोडं कमी असतं म्हणतात, असेलही. आणि तुम्ही स्टेडियमच्या आवाजाच्या टप्प्याबाहेर राहत असाल तर हा त्रास तुम्हाला नाही, हेही कबूल. फक्त पेठेचा व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा बंद ठेवा, नाहीतर "गोऽऽऽल" तिथं आधी येतो.

इंग्लंडमध्ये हा पेच वेगळ्या कारणानं फार पूर्वी पडला होता. घरबसल्या सामना मिळाला तर लोक गावातल्या मैदानावर येणार नाहीत, या धास्तीनं तिथं शनिवारी पावणेतीन ते सव्वापाचपर्यंत टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, साठच्या दशकापासून. आपल्याकडं तसं काही करावं असं मी म्हणणार नाही. दुबईतल्या त्या मित्राचं काय मग? पण गॅलरी आपोआप टिकते असं समजायचंही कारण नाही. मुंबईत १८९१ पासून चाललेला रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये गाशा गुंडाळला. त्या मानानं रावणेश्वर तळ्याच्या जागेवर उभ्या असलेल्या आपल्या स्टेडियमवर अजून तालमींच्या मोठ्या सामन्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे नशीबच.

गॅलरीच्या विरोधातला सगळ्यात खरा मुद्दा हुल्लडबाजीचा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेठा-पेठांतली खुन्नस मैदानाबाहेर आली, दगड पडले, सामने थांबले, असं झालेलं आहे. मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो, दोन्हीकडच्या समर्थकांना वेगवेगळं बसवावं लागतं. ज्यांनी त्या कारणानं यायचं सोडलं त्यांना मी भित्रा म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही पोरांना घरीच ठेवलं असतं. फक्त, सीझनमधले बहुसंख्य सामने असे नसतात. गुणतक्त्यात मध्यावर असलेल्या दोन संघांचा दुपारी दोनचा सामना निवांत असतो. गॅलरी निम्मी रिकामी, ओरडणारे ओळखीचे, आणि खेळ कित्येकदा हाणामारीच्या फायनलपेक्षा सरस.

तेव्हा कुणाला काय सुचवू? गाव सुटलेल्यांनी बिनघोर मोबाइलवर बघावं. गुडघे फारच कुरकुरत असतील त्यांनीही, पण खिडकीची दिशा बघून. बाकी जे गावात आहेत आणि नुसती सवय मोडली म्हणून जात नाहीत, त्यांनी यंदा एकदा जाऊन बघावं, एवढंच म्हणेन. सुरुवात पाटाकडील-शिवाजीच्या सामन्यानं करू नका. लीगचा आठवड्यातला एखादा साधा सामना धरा, चारचा. पश्चिमेकडच्या गॅलरीत बसा म्हणजे ऊन पाठीवर येईल, डोळ्यांवर नाही. बूड टेकायला जाडसर वर्तमानपत्र किंवा पोतं न्या, पायरी सहा वाजेपर्यंत गरम असते. सामना सुटल्यावर लगेच गाडी काढायची घाई करू नका. गर्दी पांगेपर्यंत खासबागेत भेळ खावी, ऑफसाइड होता की नव्हता ते तिथं ठरवता येतं.