विश्रामबागचा रीझनिंग क्लास: सर उत्तम, नोट्स जपून

पतसंस्थेतली नोकरी सांभाळून बँक क्लार्कच्या परीक्षेची तयारी करतेय, म्हणून सांगलीत विश्रामबागला संध्याकाळच्या बॅचला जाते. क्लासचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

सिलॉजिझम, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचे प्रश्न, शिकवताना सर वर्तुळं काढायच्या आधी शब्दांना हात घालतात. फळ्यावर लिहिलं: ‘सर्व तारा २०१३ साली बंद झाल्या. सतारीवर असतात त्या तारा. म्हणून सतारीवर असतात त्या २०१३ साली बंद झाल्या.’ वर्ग हसला. सर म्हणाले, हसू नका, चूक दाखवा. अशा युक्तिवादात पदं, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलतोय ते गट, तीनच हवीत. इथं पोस्टाची तार वेगळी, वाद्याची वेगळी, म्हणजे झाली चार. दोन विधानांना जोडणारं काही उरलंच नाही. मग न्यायशास्त्रातला वाक्छल सांगितला, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ धरून त्याला अडवणं. एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. समोरचा विचारतो, एकच तर दिसतेय, बाकीच्या आठ कुठायत? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाचं उदाहरण, पण मराठीत जसंच्या तसं चालतं!

आता छापील नोट्स. सुरुवातीला चौकटीत दिलंय: ‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा. पुढे मात्र ‘काही शिक्षक कवी आहेत’ यावरून ‘काही शिक्षक कवी नाहीत’ हा निष्कर्ष बरोबर धरलाय. बोलताना आपण तसं धरतोच. काही पोळ्या करपल्या म्हटलं की बाकीच्या बऱ्या असणार. पण चौकटीतला अर्थ घेतला तर सगळेच शिक्षक कवी असू शकतात, आणि निष्कर्ष पडतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तो वेगळाच.

‘सर्व’चंही तेच. ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही अ ब आहेत’ हे एका उदाहरणात चालतं, दुसऱ्यात नाही. सरांना विचारलं. म्हणाले, आधुनिक तर्कशास्त्रात एखादा तरी अ आहे हे वेगळं सांगावं लागतं. परीक्षेत तो आहेच असं धरतात. तुम्ही परीक्षेचं धरा, आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत तेच धरा. एवढं वाक्य नोट्समध्ये छापायला काय हरकत होती?

दुरुस्ती करतो म्हणाले होते, पण नव्या बॅचच्या हातातही तीच पुस्तिका दिसली. तिचे वेगळे पैसे घेतात, ते देऊ नका. वही न्या आणि पुढच्या बाकावर बसा, कारण सरांचा आवाज बारीक आणि पंखा मोठा. शनिवारची टेस्ट चुकवू नका. तो पेपर सर स्वतः काढतात.