लिलीपाँडची मिडी: चुका पकडायला फर्स्टक्लास, मैफलीला नको

लिलीपाँड हे ग्नू प्रकल्पातलं मोफत सॉफ्टवेअर. नोटेशन मजकुरात टाइप करायचं, पीडीएफ काढायची. त्याच फाइलीतून मिडीही निघते, म्हणजे संगणकाला ते स्वर वाजवून दाखवता येतील अशी फाइल. मुंबईत गायनवृंदाला तालमीचे ट्रॅक पुरवणाऱ्यांनी हे शिकून घ्यावंच.

'स्कोअर' या गाण्याच्या विभागाच्या महिरपी कंसात 'मिडी'चा रिकामा कंस टाकला की काम झालं. 'लेआउट'ही सोबत हवा, नाहीतर पान छापून येत नाही. टेम्पो लिहिला नाही तर क्वार्टर नोट मिनिटाला 60 च्या रटाळ लयीत चालते.

खरा फायदा चुका कानाला कळण्यात. 'रिलेटिव्ह' पद्धतीत पुढचा स्वर जवळच्या बाजूला धरला जातो. सी नंतर नुसता जी लिहिलात, म्हणजे सा नंतर प, तर वाजतो मंद्र सप्तकातला प, कारण खालचा प चौथ्या स्वरावर, वरचा पाचव्यावर. वरच्यासाठी एक अपॉस्ट्रॉफी लागते. ती राहिली की त्यापुढची सगळी ओळ एक सप्तक खाली घसरते. कागदावर नजर चुकते, कान चुकत नाही.

पट्टी बदलणं सोपं. पांढरी एकमधलं गाणं काळी चारला न्यायचं तर 'ट्रान्सपोज'मध्ये सी, मग जिस (जी शार्प) आणि त्याला एक सप्तक खाली नेणारा स्वल्पविराम. स्वल्पविराम गाळलात तर गायिकांना तारसप्तकात कोंडलंत म्हणून समजा.

धृपदाच्या पुनरावृत्तीची चिन्हं छापतात, पण मिडीत ते एकदाच वाजतं. गाणं व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका नावाखाली, ठेवून दोन स्कोअर करावेत: एक छपाईचा, दुसरा 'अनफोल्ड रिपीट्स'मध्ये गुंडाळलेला, मिडीचा.

निराशा भावाच्या बाबतीत. मींडेसाठी ग्लिसांडोची रेघ छापली जाते, ऐकू येतात दोन सुटे स्वर. एकाच लांब स्वरावरचा क्रेशेंडो, म्हणजे हळूहळू वाढणारा आवाज, तोही वाजत नाही. ट्रिलसाठी (दोन शेजारचे स्वर झपाट्याने आळीपाळीने) 'आर्टिक्युलेट' स्क्रिप्ट जोडावी लागते.

काही सांगितलं नाही तर वाद्य पियानो. जनरल मिडीत, म्हणजे मिडीच्या ठरलेल्या वाद्ययादीत, सितार आणि शहनाई आहेत, तबला नाही. पेटीच्या जागी रीड ऑर्गन चालवून घ्यावा. मिडी फाइलीत मुळात आवाज नसतोच, फक्त सूचना असतात. त्यामुळे लोकलमध्ये इयरफोन लावून पाठांतर करणाऱ्यांना ती तशीच पाठवू नये. फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअरला साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) देऊन वेव्ह ही ध्वनिफाइल काढावी, तिची एमपीथ्री करून मग ग्रुपवर टाकावी.