अनरियलचा ‘सजेस्ट प्रोजेक्टाइल व्हेलॉसिटी’: नेम पक्का, पण उभ्या माणसावरच

गेममधल्या बॉटला (संगणक चालवतो त्या खेळाडूला) ग्रेनेड फेकायला लावायचं, तर अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला हा नोड, म्हणजे तयार आज्ञेचा ठोकळा, निम्मं काम करून देतो. सुरुवातीचा बिंदू, लक्ष्याचा बिंदू आणि फेकीचा वेग द्या, सुटतानाच्या वेगाचा व्हेक्टर (वेग आणि दिशा एकत्र) घ्या. गणितात तो चुकत नाही. गोंधळ होतो तो आजूबाजूच्या सेटिंगमुळे.

वेग १५०० धरू (अंतर सेंटिमीटरमध्ये, गुरुत्वाकर्षण ९८०). सपाट जमिनीवर कमाल पल्ला वेगाचा वर्ग भागिले ९८०, म्हणजे २३ मीटरच्या आत. त्यापलीकडे नोड ‘फॉल्स’ (म्हणजे जमत नाही) देतो, आणि ते न तपासता ग्रेनेड सोडला की तो बहुधा बॉटच्याच पायाशी पडतो. २० मीटरला उत्तरं दोन: ३० अंशांची सपाट फेक, दीड सेकंदाची, किंवा ६० अंशांची उंच, सुमारे २.६ सेकंदांची. भिंतीमागे बसलेल्याला दुसरीच हवी. ‘फेव्हर हाय आर्क’वर खूण करा.

पूर्ण मार्गाचा ट्रेस, म्हणजे वाटेत काही आडवं येतं का याची तपासणी, चालू केला की बरेच जण अडकतात. लक्ष्य म्हणून पायाखालची जमीन दिली, तर ट्रेस जमिनीलाच धडकतो आणि चांगली फेकही नाकारली जाते. बिंदू ग्रेनेडच्या त्रिज्येपेक्षा थोडा वर घ्या. फेकणारा आणि लक्ष्य दोघांनाही दुर्लक्षाच्या यादीत टाका.

सगळ्यात चिवट भानगड प्रोजेक्टाइल मूव्हमेंट कंपोनंटची, म्हणजे फेकलेली वस्तू प्रत्यक्ष हलवणाऱ्या भागाची. त्यात ‘इनिशिअल स्पीड’ शून्यापेक्षा जास्त असेल, तर सुरुवातीला दिलेल्या व्हेक्टरची फक्त दिशा उरते. अनरियलच्या फर्स्ट पर्सन टेम्प्लेटमधल्या (तयार नमुना गेममधल्या) गोळीवर ही किंमत ३००० असते, कमाल वेगही तितकाच. ती उचलून ग्रेनेड बनवला की तो लक्ष्याच्या पार पलीकडे जातो. त्यामुळे आधी स्पॉन (ग्रेनेड गेममध्ये आणणं), मग कंपोनंटची ‘व्हेलॉसिटी’ सेट, असा क्रम ठेवा. ‘मॅक्स स्पीड’ शून्य करा, म्हणजे मर्यादाच नाही. ती १५०० ठेवून गच्चीवरून खाली फेकलं, तर पडताना वाढणारा वेग छाटला जातो आणि ग्रेनेड अलीकडेच पडतो. ‘ग्रॅव्हिटी स्केल’ बदललं असेल, तर नोडलाही तेच गुरुत्वाकर्षण सांगावं लागतं.

पळणाऱ्या लक्ष्याचा हिशेब मात्र नोड करतच नाही, आणि ही खरी उणीव आहे. डीफॉल्ट कॅरेक्टर सेकंदाला ६०० सेंटिमीटर धावतं. दीड सेकंदात ते नऊ मीटर सरकलेलं असतं. उपाय हातानेच: आडवं अंतर भागिले आडवा वेग म्हणजे उड्डाणाचा वेळ, तेवढ्या वेळात लक्ष्य कुठे असेल तो बिंदू, पुन्हा नोड. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं.

बॉट चुकावा म्हणून मुद्दाम गडबड घालायची, तर ती लक्ष्यबिंदूत घाला. ४५ अंशांजवळ कोन एखाद्या अंशाने हलवून जवळजवळ काहीच फरक पडत नाही, तर वेगातली ५ टक्के चूक पल्ल्यात १० टक्के होते. बिंदू हलवला की चूक किती मीटरची, ते तुमच्या हातात राहतं.

‘कस्टम आर्क’ हा या नोडचा भाऊबंद वेग स्वतः ठरवतो, त्यामुळे पल्ल्याबाहेरचं रडगाणं नाही, पण लांबच्या लक्ष्यासाठी बॉटच्या हातात तोफेचा जोर येतो. मार्ग आखून बघायला ‘प्रेडिक्ट प्रोजेक्टाइल पाथ’ चांगला; फक्त त्याचा डीफॉल्ट वेळ २ सेकंद असल्याने वरची २.६ सेकंदांची फेक अर्धवट दिसते. तो ४ करा.