इथिओपिया-एरिट्रियातलं यूएनचं शांतता मिशन: जवानांचं काम चोख, मागचा आधार कच्चा

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि ते तिन्ही तिथे उन्हात उभं राहून ड्युटी केलेल्या जवानांचे. यूएनएमईई या मिशनबद्दल फारसं कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

सीमेवरच्या बादमे नावाच्या छोट्याशा गावावरून मे 1998 मधे दोन शेजारी देश भिडले, दोन वर्षं खंदकात बसून लढले, हजारो पोरं गेली. जून 2000 ला अल्जिअर्समधे (अल्जीरियाची राजधानी) युद्ध थांबवायचं ठरलं, डिसेंबरमधे पूर्ण करार झाला आणि मधे यूएनचे सैनिक आले, मंजुरी 4,200 जणांची होती.

चांगलं काय, तर दोन्ही फौजांच्या मधे 25 किमी रुंद पट्टा मोकळा ठेवला, भारत, जॉर्डन, केनियाच्या बटालियन तिथे गस्त घालत होत्या, सुरुंग काढायचं काम चालू होतं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना यूएनचा फोर्स कमांडर एका टेबलावर बसवायचा. गुरं पलीकडे गेली, गोळी सुटली, असल्या गोष्टी तिथल्या तिथे मिटवता येतात म्हणजे किती जीव वाचतात विचार करा. मिशन होतं तोवर मोठं युद्ध परत झालं नाही, हे क्रेडिट द्यायलाच पाहिजे.

आता दोन स्टार का कापले. तो पट्टा अख्खाच्या अख्खा एरिट्रियाच्या हद्दीत. सीमा कुठून जाते हे ठरवायला त्या करारानुसार नेमलेल्या सीमा आयोगाचा निकाल 13 एप्रिल 2002 ला आला, बादमे एरिट्रियाला मिळालं, निकाल अंतिम आणि बंधनकारक असेल हे दोघांनीही आधीच सही करून मान्य केलेलं, तरी इथिओपिया अडून बसला. 2004 मधे म्हणे तत्त्वतः मान्य! आणि करार घडवून आणणारे, साक्षीदार म्हणून सह्या करणारे मोठे देश? त्यांनी जोर लावलाच नाही, सुरक्षा परिषद नुसती मुदत वाढवत राहिली. याचा मला खरंच राग येतो.

मग एरिट्रियाने सगळा राग मिशनवर काढला, तेही चुकलंच. ऑक्टोबर 2005 ला हेलिकॉप्टर बंद, त्यामुळे लांबच्या चौक्या सोडाव्या लागल्या, जखमी जवानाला उचलून आणायचं तरी कसं. डिसेंबरमधे अमेरिका-युरोपचे लोक बाहेर काढले, 2007 च्या शेवटी डिझेल तोडलं, आणि जुलै 2008 ला मिशन बंद. जमिनीवर सीमेची आखणी काही झाली नाही, आयोगाने नकाशावरच्या आकड्यांनी रेषा ठरवून काम संपवलं.

इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी निकाल पूर्ण मान्य केला तो जून 2018 ला, पुढच्याच महिन्यात ते एरिट्रियाच्या राजधानीत, अस्माराला गेले. 2002 चा निकाल तोच होता, एक शब्द बदलला नव्हता.