जुनी फॉर्च्युनर की जुनी फ्रीलँडर?

बारा-चौदा वर्षांची डिझेल गाडी, चारही चाकांना ताकद, आणि दार उघडून आत बसलं की जरा बरं वाटलं पाहिजे. एवढ्या अटी घालून पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात फिरायला लागलात की शेवटी दोन नावांपाशी येऊन थांबता: टोयोटाची पहिल्या पिढीची फॉर्च्युनर (२००९ ते २०१६) आणि लँड रोव्हरची फ्रीलँडर २. नव्या असताना फ्रीलँडर बरीच महाग होती. आज त्याच सालच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फॉर्च्युनरवाला जास्त पैसे मागतो, आणि त्याला ते मिळतातही. बाजार वेडा नाही. पण तो भाव सगळ्यांसाठी मिळून ठरवतो, तुमच्या एकट्यासाठी नाही.

आधीच सांगून टाकतो, फ्रीलँडर माझी आहे आणि फॉर्च्युनर मेहुण्याची, कराडला. त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं असणार.

फॉर्च्युनर ही इनोव्हाची थोरली बहीण. शिडीसारखी चेसी (खालचा सांगाडा), मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, ३ लिटरचं १७१ हॉर्सपॉवरचं इंजिन, सात जणांची जागा. फ्रीलँडरला वेगळी चेसी नाही. मोटारीसारखी एकसंध बॉडी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, २.२ लिटरचं इंजिन, बसायला पाचच. इंजिन लहान असलं तरी टॉर्क (ओढण्याची ताकद) नंतरच्या गाड्यांत ४२० एनएम, म्हणून घाटात ती मागे राहत नाही. वळणावर फ्रीलँडर शहाण्यासारखी वागते, फॉर्च्युनर थोडी कलते आणि मागच्या बाकावर खड्डे मोजता येतात. पण आत्या, तिची दोन नातवंडं आणि लग्नाचं सामान असं सगळं एकदम न्यायचं असेल तर हा वाद तिथेच संपतो. फॉर्च्युनर घ्या.

चिखलाचं बोलू, कारण फोर-बाय-फोर त्यासाठीच घ्यायची असते, निदान बायकोला तरी आपण तसंच सांगतो. फॉर्च्युनर ४x४ ची चारही चाकं कायम चालतात, मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) लॉक करता येतं आणि लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जोर लावून चालवणारे गियर, मिळते. फ्रीलँडरला लो रेंज नाही. पुढची चाकं घसरायला लागली की हॅल्डेक्स नावाचं कपलिंग मागच्या चाकांना ताकद देतं, आणि टेरेन रिस्पॉन्सचं बटण फिरवून गवत, चिखल, वाळू असं निवडता येतं. ओलं गवत, शेताची वाट, अर्ध्या मीटरपर्यंतचं पाणी, एवढ्याला ती पुरून उरते. पण पावसाळ्यात वेल्ह्यापलीकडे केळदच्या आसपास, दगड आणि लाल चिखल एकत्र असलेल्या उतारावर, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्या जोरावर गाडी इंच-इंच खाली सोडायची असेल तर लो रेंजला पर्याय नाही. असा रस्ता तुमच्या वाट्याला वर्षातून किती वेळा येतो, हे खरं खरं मोजा. माझ्या वाट्याला सहा वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा मी गाडी वर ठेवून चालत गेलो.

आता हॅल्डेक्स. या गाडीतली सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी वस्तू हीच. तिचं स्वतंत्र ऑइल आणि फिल्टर असतो, मुदतीत बदलावा लागतो, आणि जुन्या मालकांपैकी निम्म्यांना तो आहे हेच ठाऊक नसतं. दुसरी गोष्ट टायरची. मी एकदा पैसे वाचवायला पुढचे दोनच टायर नवे घातले. माझ्या मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधीच खाली वाकून चारही टायरच्या खाचांत नाणं घालून बघितलं आणि विचारलं, “साहेब, मागचं डिफरन्शियल तुम्हाला फुकट मिळतं का?” पुढची आणि मागची चाकं कमी-जास्त झिजलेली असली की सरळ रस्त्यावरही ती वेगवेगळ्या गतीनं फिरतात, कपलिंग आणि मागच्या डिफरन्शियलच्या बेअरिंगांवर सतत ताण येतो. त्याच आठवड्यात उरलेले दोन घेतले. फ्रीलँडर बघायला गेलात की आधी चारही टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते पाहा. मग रेडिओ बंद करून ६० च्या वेगानं चालवा आणि मागून घरघर येते का ऐका.

फ्रीलँडरच्या डॅशबोर्डवर एकदम चार-पाच इशारे झळकले म्हणून घाबरायचं नसतं. बरेचदा कारण म्हातारी बॅटरी, नाहीतर ब्रेक पेडलजवळचा छोटासा स्विच. पण हे ओळखायला योग्य स्कॅनर आणि तो वाचणारा माणूस लागतो. पुण्या-मुंबईत तो सापडतो. लातूरला किंवा सावंतवाडीला गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडच्या भाड्याचा हिशेब आधीच करून ठेवा.

फॉर्च्युनरला हा त्रास नाही. तिचे बरेच सुटे भाग इनोव्हाशी जुळतात आणि इनोव्हा खोलणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. तिचं दुखणं वेगळं: ती फार वापरली जाते. पुढारी, बिल्डर, वाळूवाले, सगळ्यांची लाडकी. टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो आणि काही मेकॅनिक त्याची तारीख नि रनिंग लिहिलेला स्टिकर बॉनेटखाली चिकटवतात. मेहुण्याबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो, मीटर ९४ हजार. बॉनेटखाली, धुळीनं झाकलेल्या स्टिकरवर १,५२,०००. आम्ही काही बोललो नाही. विकणाऱ्यानंच बॉनेट हळूच खाली घेतलं. (इंजिनाचा आणखी एक प्रश्न विचाराच: इंजेक्टरची (डिझेल फवारणाऱ्या भागाची) सील्स कधी बदलली? ती गळाली की काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल खेचणारी जाळी तुंबते. मग पूर्ण इंजिनाचं काम.) आणि २०१२ नंतरच्या गाडीवर ४x४ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. त्या वर्षापासून ४x२, म्हणजे दोनच चाकांना ताकद असलेली, ही मिळायला लागली आणि स्टिकर कुठेही मिळतो. गियरशेजारी लो रेंजचा दुसरा लिव्हर आहे का बघा.

आरटीओचा खर्च लोक शेवटी धरतात, तो आधी धरा. १५ वर्षं झाली की फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण, तेही पाच वर्षांपुरतं, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. यात फ्रीलँडरची एक मेख आहे. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. सुरुवातीच्या फ्रीलँडर आयात झालेल्या. पुण्यात जोडणी २०११ मध्ये सुरू झाली. म्हणून आरसीवर ‘इम्पोर्टेड’ आहे का वाचा आणि शक्यतो २०१२ नंतरची, एसडी४ नावाची १९० हॉर्सपॉवरची फ्रीलँडर बघा.

दिल्लीची स्वस्त गाडी दाखवणारा एजंट भेटेलच. २०१५ मध्ये हरित लवादानं तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. अंमल कधी कडक, कधी सैल, पण तेव्हापासून त्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. गाडी वाईटच असेल असं नाही. इथला रोड टॅक्स, पासिंग आणि एजंट धरून बेरीज करा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच विरते.

याच पैशात लँड रोव्हरचीच मोठी डिस्कव्हरी ४ मिळतेय म्हणून कोणी भुरळ घालेल. तिच्या ३ लिटर व्ही६ डिझेलची क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य दांडा) तुटण्याची ख्याती आणि एअर सस्पेन्शनचा खर्च ऐकलात की पुढे विचारू नका. सुंदर गाडी आहे, दुसऱ्याच्या दारात.

माझं मत हवं असेल तर: चांगलं गॅरेज तासाभरात गाठता येत असेल, घरात चार-पाच माणसं असतील आणि गाडी स्वतःच चालवायची असेल, तर पुण्यात जोडलेली फ्रीलँडर घ्या, खरेदीत वाचलेल्या पैशातले दोन लाख तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गावी राहत असाल, ड्रायव्हर बदलत असतील किंवा तीन वर्षांत विकायची असेल, तर फॉर्च्युनर, मॅन्युअल, ४x४.

कोणतीही बघायला जा, मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका; इंजिनाची दुखणी थंड असतानाच कळतात. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असताना बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या आणि निघा.