बर्लिओझची घंटा: ओतीव, नळीची की पत्र्याची?

फ्रेंच संगीतकार बर्लिओझची ‘सिंफनी फँतास्तिक’ (१८३०) ही वाद्यवृंदाची रचना बसवायला घेतली की पाचव्या भागात घंटांचं काय करायचं, यावर गाडी अडते. चेटकिणींच्या मेळ्यात रंगमंचामागून चर्चच्या घंटा वाजतात, मग ‘दीएस इरे’ हे मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं जुनं गान येतं. स्वर दोनच, सी आणि जी. सी षड्ज धरला तर आपले सा-प. अडचण एवढीच की ते खर्जातले हवेत.

खरी ओतीव घंटा आणायची तर जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलमधली १९२३ ची घंटा आठवा. तिचा स्वर खालचा सी, वजन सुमारे २४ टन. सप्तकभर वर सरकलात तरी हिशोब टनांतच. पण तिच्या आवाजाला तोड नाही: पाश्चात्त्य घंटेच्या नादात मूळ स्वरावर कोमल गंधार मिसळलेला असतो, त्यामुळे एकाच टोल्यात कारुण्य उतरतं.

ट्यूब्युलर बेल्समध्ये, म्हणजे टांगलेल्या धातूच्या नळ्यांमध्ये, नेमका तो गंधार नाही. सूर चोख, भाड्यानेही मिळतात, वाजवायला सोप्या; नळीच्या वरच्या कडेवर चामड्याची हातोडी मारायची. पण त्या उंच, चकचकीत वाजतात. इथे मला त्या दारावरच्या बेलसारख्या वाटतात. घ्यायच्याच असतील तर बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवा आणि दार अर्धं लोटा, म्हणजे आघाताची धार बोथट होते.

माझं मत बेल प्लेट्सना. धातूचा जाड, सपाट पत्रा टांगायचा आणि मऊ, जड मोगरीने ठोकायचा. सूर थोडा धूसर, पण खोली भरपूर, आणि दोघांना उचलता येतो. पैसे नसतील तर पियानो: पुरेशा खर्जाच्या घंटा नसतील तर पियानोच बरा, असं बर्लिओझनेच स्वरलेखनात लिहून ठेवलंय.

देवळातली घंटा आणूया, असं कोणीतरी सुचवतंच. मोहही पडतो, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्याच होत्या की! पण ती ज्या स्वरात ओतली गेली त्याच स्वरात बोलणार, आणि दोरी जरा सैल सुटली की लोलक दुसऱ्यांदा आपटतो. तालमीआधी ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, लावून बघा.

काहीही निवडा, वादक वीस मीटर मागे असेल तर आवाज जवळजवळ ०.०६ सेकंद उशिरा पोहोचतो. त्याला कंडक्टर दिसेल असा छोटा व्हिडिओ-पडदा द्या आणि टोला कंडक्टरच्या काठीच्या किंचित आधी मारायला सांगा.